सुट्टीत दोघींनी मिळून एक प्रेमकादंबरी वाचावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा आटोपल्या की अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. पुस्तकं घरी येतात, पण ती ज्याची तो आपल्या कोपऱ्यात वाचतो. यंदाच्या सुट्टीत आजी-नातीने किंवा आई-लेकीने एकच जुनी प्रेमकादंबरी मोठ्याने, आळीपाळीने वाचून बघावी, असं सुचवण्यासाठी हे पत्र. नुसतं ‘वाचा’ म्हणून भागत नाही. बहुतेक घरांत हा बेत चौथ्या-पाचव्या दिवशी मोडतो आणि त्याची कारणं ठरलेली असतात.

जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ घ्यावी. १८१३ सालची आणि इंग्लंडमधली असली, तरी बेनेट कुटुंबातल्या पाच मुलींची लग्नं, कोणाचं स्थळ किती वजनदार आणि थोरलीच्या आधी धाकटीचं कसं जमलं, हा विषय पेठेतल्या कुठल्याही आजीला समजावून सांगावा लागत नाही. शिवाय ही कादंबरी पहिल्यापासून मोठ्याने वाचली गेली आहे. छापील प्रत जेनच्या चॉटन गावातल्या घरी आली त्याच संध्याकाळी शेजारच्या मिस बेन यांना पहिल्या खंडाचा अर्धा भाग वाचून दाखवला गेला. लेखिका समोरच बसली आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. दुसऱ्या संध्याकाळचं वाचन मात्र रंगलं नाही. आई फार भरभर वाचते, तिला पात्रं नीट कळतात पण त्यांच्यासारखं बोलता येत नाही, असं जेनने बहिणीला पत्रात कळवलं. आजही वाचन फसतं ते बहुधा याच कारणाने.

म्हणून वेग आधी ठरवावा. प्रकरणं ६१, शब्द सुमारे १ लाख २० हजार. मिनिटाला दीडशे शब्द धरले तर एकूण तेरा-साडेतेरा तास होतात. रोज दोन प्रकरणं, आठवड्याचे पाच दिवस, या हिशेबाने सहा आठवडे लागतात. मात्र सगळी प्रकरणं सारखी नाहीत. पहिलं पाच-सहा मिनिटांत संपतं. नेदरफील्ड बंगल्यातल्या नाचाचं १८वं आणि पेंबर्ली वाड्याचं ४३वं प्रकरण अर्ध्या तासाच्याही पुढे जातं, त्या दिवशी दुसऱ्याला हात लावू नये. वाक्यं लांब आहेत, अर्धविरामाला खरोखर थांबलं तरच अर्थ लागतो. संवादात ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ पुष्कळदा नसतंच, तेव्हा वाचणारीने पान आधी नजरेखालून घालून समासात पेन्सिलीने कोणाचं वाक्य ते लिहून ठेवावं.

प्रत घेताना शेवटच्या प्रकरणाचा आकडा बघावा. बाजारात संक्षिप्त आवृत्त्या बऱ्याच असतात आणि त्यांत पहिली कात्री संवादांवर चालते. काही आवृत्त्या मूळच्या तीन खंडांप्रमाणे २३, १९ आणि १९ असे आकडे पुन्हा एकपासून सुरू करतात. त्यातल्या दुसऱ्या खंडाचं ११वं म्हणजे सलग आवृत्तीतलं ३४वं. दोघींकडे वेगवेगळ्या प्रती असल्या की पहिला गोंधळ इथेच होतो. नातीने इंग्रजी आणि आजीने मराठी अनुवाद असं वाचायचं असेल, तर दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून ३५वं प्रकरण ताडून पाहावं. नायिका एलिझाबेथ बेनेटला श्रीमंत डार्सीने लिहिलेलं लांबलचक पत्र अनुवादात पानभरात आटोपलेलं असेल, तर ते पुस्तक या कामाचं नाही. बारीक टाइप डोळ्यांना झेपत नसेल, तर मूळ इंग्रजी पाठ प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतो, टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं.

दुसरा घोटाळा नावांचा. नुसतं ‘मिस बेनेट’ म्हटलं की ती पाच बहिणींतली थोरली, तिचंही नाव जेन. बाकीच्यांच्या बाबतीत नाव लावतात, जसं मिस एलिझाबेथ. ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली नाही, तर वाचणाऱ्या दोघी आठवडाभर वेगवेगळ्या बहिणींबद्दल बोलत राहतात. मलपृष्ठाच्या आत पाच बहिणींची उतरंड लिहावी आणि शेजारी पैशांचे आकडे मांडावेत. डार्सीचं वर्षाचं उत्पन्न १०,००० पौंड, त्याचा मित्र बिंग्लीचं चार-पाच हजार, बेनेट कुटुंबाचं २,०००. एलिझाबेथच्या वाट्याला चार टक्क्यांनी गुंतवलेले १,००० पौंड, तेही आईच्या पश्चात. म्हणजे वर्षाला ४० पौंड! हा आकडा डोळ्यांसमोर असला की १९व्या प्रकरणात ती बेनेटांच्या घराचा वारस कॉलिन्सला आणि ३४व्यात खुद्द डार्सीला नकार देते तेव्हा त्या नकाराचं मोल कळतं. घर आणि जमीन पुरुष वारसालाच जाणार, मुलींना नाही, हेही इथेच सांगावं. आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. आजीची पिढी त्याआधीची. तिला या भागावर बोलायचं असतं, तिला बोलू द्यावं, त्या दिवशी एक प्रकरण कमी झालं तरी चालेल.

सर्वांत जास्त बोलणं २२व्या प्रकरणावर होतं. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला तिचीच मैत्रीण शार्लट होकार देते. तिला फक्त डोक्यावर छप्पर हवं आहे, वय सत्तावीस. घरातली थोरली तिची बाजू घेते आणि धाकटी चिडते, असं सहसा होतं. निकाल त्या रात्री लावू नये. ३०व्या प्रकरणात शार्लटचं घर दिसतं: चांगली खोली सोडून ती स्वतः मागच्या बाजूच्या खोलीत बसते, कारण तिची खोलीही तितकीच बरी असती तर नवरा आपल्या खोलीत थोडा कमी बसला असता. तिथे आल्यावर २२वं प्रकरण पुन्हा उघडावं.

३४ आणि ३५ ही प्रकरणं एका बैठकीत वाचायचा मोह टाळावा. डार्सी मागणी घालतो संध्याकाळी, पत्र हातात देतो दुसऱ्या दिवशी सकाळी. वाचनही तसंच करावं. ३४वं रात्री, ३५वं सकाळच्या चहाबरोबर, आणि पत्र एकाच आवाजात, मध्ये न थांबता. पुढच्या प्रकरणात एलिझाबेथ तेच पत्र परत परत वाचते, तेव्हा मागची पानं उलटून तिच्याबरोबर वाक्यं तपासावीत. आणि कोणी सिनेमा पाहिला असेल, तर तिने विकहॅम या तरुण अधिकाऱ्याबद्दल तोंडातून अक्षर काढू नये. १६व्या प्रकरणात तो सगळ्यांना आवडलाच पाहिजे. तो तिथे आवडला नाही, तर पुढचं पत्र वाया जातं.

शेवटी ग्रंथालयांना एक विनंती. पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, पुणे मराठी ग्रंथालय १९११चं. इतकी जुनी वाचनपरंपरा असलेल्या या शहरात मिळून वाचणाऱ्यांसाठी वेगळी सोय असायला हवी. जिथे पुस्तकाची मुदत पंधरा दिवसांची असते, तिथे वरच्या वेगाने जेमतेम पहिला खंड होतो आणि पुस्तक परत करायची वेळ येते. एप्रिल ते जूनमध्ये एकाच घरातल्या दोन सभासदांना एका कादंबरीच्या दोन सारख्या प्रती, एकाच आवृत्तीच्या, सहा आठवड्यांसाठी द्याव्यात. इंग्रजी-मराठी जोडी मागितली तर तीही एकत्र मिळावी.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे