चढावर थांबायला शिकवणार कधी?

संपादक महोदय,

सुट्ट्या लागल्या की वाई-पाचगणी रस्त्यावरच्या पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. दांडेघर नाक्याच्या अलीकडे गाडी चार हात सरकते, थांबते, पुन्हा सरकते, आणि हे सगळे ऐन चढावर. मागचा गाडीवाला मात्र पुढच्याच्या बंपरला चिकटून उभा असतो. माझी तक्रार त्याच्याबद्दल आहेच, पण त्याहून जास्त त्याला लायसन्स देणाऱ्या चाचणीबद्दल आहे.

मी वाईत शाळांचे गणवेश शिवते. पाचगणीच्या निवासी शाळांना गठ्ठे पोचवायला माझी २००५ सालची मारुती ८०० आहे. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी केलेली, पर्यावरण कर भरलेला, ब्रेक चोख. क्लच आता पेडल बरेच वर आल्यावरच पकडतो, म्हणजे प्लेट झिजली आहे, आणि दुसरा गिअर घालताना खरखर होते. क्लचची प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून प्लेट आणि दुसरा गिअर ही दोन्ही कामे एकदमच करायची ठरली आहेत. तोवर मेकॅनिकने क्लचच्या केबलला थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिला आहे. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर घालून क्लच सोडला की इंजिन तिथल्या तिथे बंद पडते, म्हणजे प्लेट अजून धरते आहे. तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरवर येताना मी डबल क्लच करते: न्यूट्रलमध्ये क्लच सोडायचा, जरा रेस द्यायची, पुन्हा दाबून गिअर घालायचा. मग तो आवाज न करता बसतो.

अशी गाडी घाटात सांभाळून नेता येते. अवघड होते ते मागच्यामुळे. आपण वीतभर जरी मागे गेलो तरी ठोकर बसणार, या धास्तीने पुढचा माणूस ब्रेकवरून पाय काढतो आणि अर्ध्या क्लचवर, रेस देत, गाडी चढावर तोलून धरतो. त्या वेळी प्लेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या चाकावर, नुसती घासत असते. पाच-दहा मिनिटांत जळका वास सुटतो. सुट्टीच्या दिवशी घाटात काच खाली केली की तो वास येतोच, आणि तो काही फक्त जुन्या गाड्यांचा नसतो.

खरे तर उपाय साधा आहे. थांबलो की हँडब्रेक ओढायचा, न्यूट्रल करून क्लचवरून पाय काढायचा. निघताना पहिला गिअर घालून क्लच हळूहळू वर आणायचा. इंजिनचा आवाज जड होतो, गाडी किंचित ताणल्यासारखी होते. तेवढे जाणवले की जरा रेस देऊन हँडब्रेक सोडायचा. मागे गठ्ठे भरलेले असले तरी गाडी बोटभरही मागे येत नाही.

हे मी पदरचे सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १५ वा नियम वाहन चालवण्याच्या चाचणीचा आहे. मोठ्या चढावर गाडी थांबवून, मागे न घसरता पुन्हा चालू करता आली पाहिजे आणि उतारावर झटकन खालचा गिअर घालता आला पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. माझ्या मुलीची चाचणी झाली ती सपाट मैदानावर. आठचा आकडा, थोडे रिव्हर्स, संपले. चढ नाही, उतार नाही. तिला हँडब्रेकवर गाडी उचलायला मी धोम धरणाच्या वाटेवर शिकवले. ज्यांच्या घरी शिकवणारे कोणी नाही, त्यांनी काय करायचे? पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारेही त्यांच्यातलेच. सगळा भार ब्रेकवर येतो आणि लायनर तापून ब्रेक लागेनासे होतात, हे त्यांना कधी कोणी सांगितलेलेच नसते.

परिवहन विभागाने ही चाचणी खऱ्या चढावर घ्यावी. सातारा जिल्ह्यात चढ शोधावा लागणार नाही. जिथे सगळेच सपाट आहे तिथे मैदानातच मातीचा किंवा सिमेंटचा उतरता कट्टा बांधता येईल. घाटाच्या पायथ्याशी 'चढावर एका गाडीचे अंतर ठेवा, हँडब्रेक वापरा' असा ठळक मराठी फलक लावला तर बाहेरून येणाऱ्यांनाही कळेल. आणि नव्या ऑटोमॅटिक गाडीतून येणाऱ्या पाहुण्यांना माझी विनंती आहे: तुमच्या गाडीला चढावर ब्रेक धरून ठेवायची सोय बहुधा असते, पुढच्या टेम्पोला ती नसते. कृपया त्याच्यामागे जागा सोडून थांबा.

– गणवेश शिवणारी एक वाचक, वाई (जि. सातारा)