पिग्मीचे मशीन आणि आठ तत्त्वे

संपादक महाशय,

सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या नीतिमत्तेवरचा कालचा लेख दोनदा वाचला. लेखक विद्वान आहेत यात शंका नाही. या अभियंत्यांसाठीची 1999 सालची ती आचारसंहिता, तिची आठ तत्त्वे, त्यात पहिला मान जनहिताला, हे सगळे त्यांनी छान समजावले. त्याच 1999 साली विलायतेच्या पोस्टात हॉरायझन ही संगणक प्रणाली बसायला लागली आणि 2015 पर्यंत तिने दाखवलेल्या तुटीपायी 900 हून अधिक पोस्टवाले गुन्हेगार ठरले. हे मात्र त्यांनी एका ओळीत उरकले आहे. मला त्या ओळीबद्दलच लिहायचे आहे.

मी गोव्यातल्या फोंड्यात एकोणीस वर्षे एका सोसायटीची पिग्मी, म्हणजे दारोदार जाऊन रोजची बारीक बचत, गोळा केली. आधी वही आणि पावतीपुस्तक होते. मग हातात मशीन आले. खाते नंबर घाला, रक्कम घाला, बटण दाबा, चिठ्ठी बाहेर. पावसात कागद दमट व्हायचा आणि चिठ्ठी यायची नाही. गिऱ्हाईक समोर, मागे गर्दी. मी परत बटण दाबायचो. चिठ्ठी एकच यायची, पण मशीनच्या पोटात नोंदी दोन. संध्याकाळी पिशवीतले पैसे आणि मशीनचा आकडा जुळायचा नाही. त्या एका पावसाळ्यात माझ्या नावावर 11,600 रुपयांची तूट लागली.

मॅनेजर म्हणाले, ''मशीन खोटे बोलत नाही.'' म्हणजे कोण बोलतो, ते मी समजून घ्यायचे होते.

चतुर्थीआधी पैसे काढायला बाजारातली एक नुस्तेकान्न, म्हणजे मासे विकणारी बाई, सोसायटीत आली. तिने पासबुक भरून घेतले आणि काउंटरवर ठेवून सांगितले, ''हे दोनशें चड आसात. त्या दिसा हांवें दोनशेंच दिल्ले.'' स्वतःच्या खात्यात जास्त पडलेले दोनशे रुपये परत करायला आली होती ती! दुसऱ्या कोणाला तेवढ्यावरून संशय आला असता. तिला सांगण्यात आले, तुझे नशीब, ठेव. माझ्या सांगण्यावरून मशीनच्या कंपनीला एक फोन मात्र झाला. पलीकडचा मुलगा म्हणाला, ''सर, आमच्या साइडने सगळे ओके दाखवतेय.'' 11,600 रुपये माझ्या कमिशनमधून आठ हप्त्यांत कापले गेले.

पुढच्या वर्षी नवी मशीन आली. तिच्या पाठीवर छापील स्टिकर होता: 'चिठ्ठी न आल्यास बटण पुन्हा दाबू नये.'

म्हणजे कोणाला तरी ठाऊक होते. कधीपासून, ते विचारायला गेलो तर हसले. पैसे आजतागायत परत नाहीत. हॉरायझनमध्येही एक दोष नेमका असाच निघाला होता: पडदा अडकला म्हणून एंटर पुन्हा दाबले की तीच रक्कम पुन्हा चढायची. 2019 साली तिथल्या न्यायाधीशांनी ती प्रणाली भरवशाची नव्हती असा निकाल दिला, 2024 मध्ये पार्लमेंटने कायदा करून शिक्षा रद्द केल्या. माझ्या 11,600 साठी पार्लमेंट बसेल अशी माझी अपेक्षा नाही.

लेखक म्हणतात, अभियंत्याने सदसद्विवेकबुद्धीला स्मरून सदोष काम नाकारावे. माझा भाचा बेंगळुरूत याच धंद्यात आहे, त्याला हे वाचून दाखवले. तो म्हणाला, ''मामा, तारीख सेल्सवाला ठरवतो. टेस्टिंगला उरतात दोन दिवस. आणि माझे घराचे हप्ते कोण फेडणार?'' त्याचेही खोटे नाही. सीएची सनद जाऊ शकते, त्याला 1949 चा कायदा आहे. आर्किटेक्टला 1972 चा. प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे जायला सनदच नाही, तर आठ तत्त्वांना तो घाबरेल कशाला? 2014 च्या जानेवारीत काणकोणला इमारत कोसळून 30 हून अधिक माणसे गेली, तेव्हा आराखडा कोणाचा आणि परवाना कोणी दिला हे निदान विचारता तरी आले. कागदावर सह्या होत्या. माझ्या मशीनवर सही कोणाची?

नव्या साक्ष्य अधिनियमातले कलम 63 लेखकांनी वाचावे. संगणकाचा कागद कोर्टात द्यायचा तर संगणक नीट चालत होता असा दाखला जोडावा लागतो. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात तो भरणार, दुसरा तज्ज्ञ. प्रोग्राम लिहिणाऱ्या कंपनीने, दोष आधी कळला होता का आणि कधी, हे त्यात लिहून द्यायची सक्ती करा. तेवढी एक ओळ वाढवा, आठ तत्त्वे नंतर बघू.

जाता जाता. गेल्या रविवारी आपल्या शब्दकोड्याचे उत्तर भलत्याच कोड्याचे छापले गेले आणि सोमवारी खाली 'तांत्रिक चुकीमुळे' एवढेच. उभे सात मी अडीच तास शोधत होतो. ही तांत्रिक चूक कोण गृहस्थ, कोणत्या टेबलावर बसतात, ते कळवावे. आणि उभे सातचे खरे उत्तरही छापावे, ते अजून आलेले नाही.

आपला,
एक निवृत्त पिग्मी कलेक्टर, फोंडा