यमदूतांच्या वतीने दोन शब्द

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली ‘रस्त्यावरचे यमदूत’ ही बातमी वाचली. त्या यमदूतांपैकी मी एक. ट्रॅक्टर माझा, ट्रॉली माझी, आणि गेली सव्वीस वर्षं रात्री-अपरात्री ती जोडी घेऊन रस्त्यावर मीच असतो. रेडा तेवढा नाही.

बातमी खोटी आहे असं म्हणत नाही. मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आहेत, ढिगाने आहेत, आणि त्यांच्यावर आदळून माणसं जातात. पण सोबतचा फोटो छापण्याआधी तुमच्याकडे कुणी नीट पाहिला होता का? खाली ओळ आहे, ‘एकही रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली’. आणि वर, फाळक्याच्या (ट्रॉलीच्या मागच्या झडपेच्या) दोन्ही कोपऱ्यांना दोन पांढरेशुभ्र ठिपके झळकताहेत. साहेब, ते रिफ्लेक्टरच आहेत. तुमच्या फोटोग्राफरच्या फ्लॅशने इतके पेटले की लालाचे पांढरे झाले.

तुमच्या चुकीवर हसण्यासाठी हे लिहीत नाही. (थोडा हसलो, खोटं कशाला बोलू.) मुद्दा असा की रिफ्लेक्टर हा दिवा नव्हे. ज्याचा उजेड त्याच्यावर पडेल, त्याच्याकडेच तो परत पाठवतो. फ्लॅश कॅमेऱ्याच्या भिंगाला लागूनच असतो, म्हणून फोटोत तो सूर्यासारखा दिसतो. तोच रिफ्लेक्टर वळणावर, चिखलाने माखलेला, आणि मागच्या गाडीचा उजेड भलतीकडे शेतात पडलेला असताना काय दाखवणार? म्हणून ‘सर्व ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर सक्तीचे करा’ ही तुमच्या बातमीतली मागणी अपुरी आहे. रिफ्लेक्टरची टेप लावायलाच हवी, पण टेप चिकटवून हात झटकता येणार नाहीत. मोठ्या आणि हळू चालणाऱ्या वाहनाला स्वतःचा उजेड पाहिजे, तोही लुकलुकणारा, पिवळा, आणि उंचावर. माझी एवढीच मागणी आहे.

उंचावर का, ते सांगतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी कडबा भरून घरी चाललो होतो. दिवस मावळला होता पण अंधार पुरता पडला नव्हता, ती सगळ्यात वाईट वेळ. निघताना मागचे दोन्ही लाल दिवे लागतात का ते बघितलं होतं. लागत होते. रस्त्यावर आलो, वीसच्या वेगाने चाललो होतो, आणि आरशात दोन दिवे मोठे व्हायला लागले. ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाच हे कळेल. इंजिनाच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नाही, नुसता आरसा. ते दिवे मोठे होत राहिले की मान आपोआप आखडते. बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी ते बाजूला होतात आणि हॉर्न मारत निघून जातात. त्या दिवशी झाले नाहीत.

गाडीचा डावा कोपरा ट्रॉलीच्या उजव्या चाकाजवळ बसला. देवाची कृपा, कुणाला मोठी इजा झाली नाही. आतून एक पंचविशीचा मुलगा उतरला, हात थरथरत होते. ओरडला, “काका, लाइट कुठाय तुमची?” मीही तेवढ्याच आवाजात म्हणालो, “चालू आहे, डोळे फुटलेत का?” आणि दाखवायला मागे गेलो. दिवा दिसेना. कडबा खचून फाळक्याच्या मागे दोन हात लोंबला होता. मी पेंढ्या बाजूला सारल्या. आत दिवा लागलेला होता. कोंबडी खुराड्यात बसावी तसा तो लाल उजेड आतल्या आत बसला होता. पोराने तो पाहिला, मी पाहिला, आणि पुढे आम्ही कुणीच ओरडलो नाही.

त्याने एक गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जात नाही. आणखी मागे, रस्ता जरा चढाचा होता तिथे, त्याला एक लाल ठिपका दिसला होता. एकच. दुसरा आधीच झाकला गेला असणार. त्याला वाटलं मोटारसायकल आहे, कडेने जातेय, सहज मागे टाकू. एका दिव्याची मोटारसायकल आणि एका दिव्याची सहा-सात फूट रुंद ट्रॉली, अंधारात दोन्ही सारखीच.

माझी मुलगी गणितात हुशार आहे. तिने घरी आल्यावर कागदावर मांडून दाखवलं. गाडी ताशी ८० ने, आपण २० ने. म्हणजे गाडी आपल्याकडे ताशी ६० ने येते, सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. डिपरचा, म्हणजे खाली वळवलेल्या दिव्याचा, उजेड साधारण ५० मीटरपर्यंत कामाचा. म्हणजे दिसल्यापासून आदळेपर्यंत ३ सेकंद, त्यातला एक-दीड सेकंद तर ‘हे काय आहे’ हे उमगण्यातच जातो. दुसरी गोष्ट मला जास्त पटली. २०० मीटरवर असताना एका सेकंदात ट्रॉली डोळ्याला जेमतेम नऊ टक्के मोठी दिसते. ५० मीटरवर एका सेकंदात दीडपट होते. म्हणजे लांबून पाहणाऱ्याला समोरचं वाहन हळू चाललंय हे डोळे सांगतच नाहीत, आणि सांगतात तेव्हा उशीर झालेला असतो. लाल दिवा तर सगळ्यांनाच असतो, शंभरने पळणाऱ्यालाही. ‘मी हळू आहे’ हे सांगायला वेगळी खूण लागते.

ती खूण जगात कधीच शोधून झालेली आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या विद्यापीठात १९६०च्या दशकात शेतीच्या वाहनांसाठी मागे लावायचा नारिंगी त्रिकोण तयार केला. मधला भाग दिवसा झळकणारा, लाल कड रात्री चमकणारी. ताशी ४० किलोमीटरच्या आत चालणाऱ्या वाहनाची ती ओळख. ब्रिटनमध्ये तर, दुभाजकाच्या वेगवान रस्त्यावर ताशी २५ मैलांच्या वर जाऊच न शकणारं चारचाकी वाहन आणलं, तर पिवळा फिरता दिवा लावावा लागतो. १९८९ चा नियम आहे. आपल्याकडे अजून चर्चा ‘यमदूत’ म्हणावं की ‘काळ’ म्हणावं इथेच आहे.

त्या रात्रीनंतर आठवड्याभरात मी दिवा बसवला. ट्रॉलीवर नव्हे, ट्रॅक्टरच्या मडगार्डला अँगल वेल्ड करून, मालाच्याही वर जाईल असा. ट्रॉलीवर का नाही हे तुमच्या बातमीदाराने विचारलं असतं तर त्याला बरंच काही कळलं असतं. ट्रॉलीचा दिवा टिकत नाही. माल उतरवताना फाळका त्याच्यावरच आपटतो. ट्रॅक्टरपासून मागे जाणारी वायर वळणावर ताणली जाते किंवा ढिली राहून रस्त्याला घासते. प्लग एका ट्रॅक्टरचा, सॉकेट दुसऱ्याचं. आणि अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट, कितीतरी ठिकाणी हुकाच्या पिनेतूनच, म्हणजे पिन गंजली की दिवा खड्ड्यागणिक लागतो आणि विझतो. मालक बेफिकीर असतात हे खरंच, पण काही वेळा मालकाने सकाळीच बल्ब बदललेला असतो.

पहिला दिवा मी चुकीचा आणला हेही लिहितो, नाहीतर मी फार शहाणा वाटेन. बाजारात सगळ्यात झगझगीत होता तो आणला. धुळीच्या रस्त्यावर सगळी धूळच पिवळी उघडमीट करायला लागली, मला पुढचं दिसेना. मागून येणारा एक मोटारसायकलवाला तर गाडी आडवी घालून म्हणाला, “डोळे घालवता का आमचे?” मग साधा दिवा आणला, पुढच्या बाजूने पत्र्याची टोपी लावली. सेकंदाला दोन-तीन वेळा लुकलुकतो, तेवढं पुरतं. तेव्हापासून आरशातले दिवे लांबूनच बाजूला सरकायला लागले. आता मान आखडत नाही, असं नाही म्हणणार, कमी आखडते.

महिन्याभरात रस्त्यावर तपासणीला उभ्या असलेल्या एका साहेबांनी मला थांबवलं. मागून दिवे नसलेल्या दोन ट्रॉल्या बिनबोभाट गेल्या. मला विचारलं, “हा दिवा कशाला? कोणत्या खात्याचे तुम्ही?” मी म्हटलं, “शेती खात्याचा.” ते काही हसले नाहीत. अर्धा तास उभं केलं. ज्याने दिवा लावला त्यालाच अडवतात, कारण तोच दिसतो.

म्हणून म्हणतो, हे एकेकट्या मालकाच्या मर्जीवर सोडू नका. ट्रॉली, हार्वेस्टर, रोलर, जे काही हळू आणि रुंद असेल ते कारखान्यातून, शेडमधून बाहेर पडतानाच उंच पिवळ्या दिव्यासह पडू दे, आणि त्याची वायर आपटणार नाही अशा नळीतून जाऊ दे. रस्त्यावर मला पकडण्यापेक्षा शेडमध्ये दोन खिळे जास्त मारणं सोपं आहे.

आणि आमच्याबद्दल एवढं लिहिलंत, तर मोटारवाल्यांच्या पांढऱ्या दिव्यांबद्दलही कधीतरी लिहा. कंपनीचे दिवे काढून निळसर पांढरे बसवतात, आणि समोरून ट्रॅक्टर आला तरी डिपर देणं त्यांना कमीपणाचं वाटतं. समोरून असा एक गेला की पुढची काही सेकंदं मला रस्ताच दिसत नाही, आणि तेवढ्यात माझ्यापुढे कुणाची तरी बिनदिव्याची बैलगाडी असू शकते. मग बातमीत यमदूत कोण, तो पळून गेलेला की मी?

जाता जाता, ‘भरधाव’ हा शब्द तुमच्या प्रत्येक अपघाताच्या बातमीत असतो. परवा तर उभ्या ट्रॉलीवर ‘भरधाव’ कार आदळली आणि तरीही मथळ्यात दोष ट्रॉलीचा. एकदा ठरवा.

आपला,
एक ट्रॅक्टरवाला वाचक

ता.क. मागच्या वर्षीचं माझं बांधावरच्या झाडांचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत आणि उरलेलं ‘विरंगुळा’ या चौकटीत टाकलंत. हे पत्र कापायचं असेल तर खुशाल कापा, पण फोटोतल्या त्या दोन पांढऱ्या ठिपक्यांचा खुलासा तेवढा छापा. ती ट्रॉली कुणाची आहे ते मला माहीत आहे. त्या माणसाने रिफ्लेक्टर मागच्याच महिन्यात लावले होते, आणि काल गाव त्याला पेपर दाखवून हसत होतं.