गणवेशातला फोटो मागणारा अनोळखी

महोदय,

माझी नात गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत तिसरीत शिकते. गेल्या महिन्यात मोबाइलवर खेळता खेळता तिने मला सहज विचारले, "आजी, गणवेशातला फोटो पाठवू? तो मागतोय." खेळातल्या चॅटवर कुणी अनोळखी माणूस तिला शाळेचे नाव आणि सुटण्याची वेळही विचारत होता, आणि तिला त्यात काहीच वावगे वाटले नव्हते. तिने विचारले, हे आमचे नशीब. मोबाइल हिसकावून घेतला असता, तर पुढच्या वेळी तिने विचारलेच नसते, म्हणून आम्ही तिला जवळ बसवून समजावले.

गोव्याने २००३ सालीच स्वतंत्र बाल कायदा केला. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार तर मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. तरीही आमच्या पालकसभेत चर्चा होते ती सहलीची आणि स्नेहसंमेलनाची. शाळा सुटताना मूल कोणाच्या हाती सोपवले याची नोंद ठेवावी, वर्गाचे फोटो पालकांच्या संमतीवाचून व्हॉट्सॲपवर टाकू नयेत आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पहिलीपासूनच मुलांकडून पाठ करून घ्यावा, अशी शिक्षण खात्याला कळकळीची विनंती आहे.

– एक आजी, डिचोली