खेड्यातल्या गॅरेजमध्येही पक्की पावती मिळायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर्यापूर तालुक्यात, खारपाण पट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या भागातल्या, एका गावात मी राहतो. चार एकर कोरडवाहू शेती आहे, पण घर चालतं ते मालवाहू पिकअपच्या भाड्यावर. हंगामात तूर-हरभरा बाजार समितीत न्यायचा, लग्नसराईत मंडपाचं सामान, पेरणीच्या तोंडावर बियाणं आणि खत. गाडी मी स्वतःच चालवतो. गेल्या मे महिन्यात ती दुरुस्त करून आणली आणि तिसऱ्याच दिवशी तिचं इंजिन भर रस्त्यात जाम झालं. आपल्या भागातल्या शेकडो गाडीवाल्यांवर ही वेळ येऊ शकते, म्हणून हे पत्र.

वॉटर पंपातून पाणी ठिबकत होतं. आमच्याकडचे मिस्त्री त्याला वॉटर बॉडी म्हणतात. नेहमीच्या गॅरेजमध्ये गाडी लावली. मिस्त्रीने जुनी वॉटर बॉडी काढली, नवी बसवली, रेडिएटरचा खालचा होज पाईप पुन्हा चढवला आणि शेजारच्या बोअरवरून बादलीभर पाणी आणून ओतलं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळायचा द्रव, टाकायचं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, उन्हाळ्यात कायले कूलंट लागते? ते थंडीतलं काम हाये." पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं, झाकण लावलं आणि गाडी दिली. अडीच हजार रुपये मी रोख मोजले. कागदाचा चिटोराही कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. आपल्याकडची रीतच तशी आहे.

तिसऱ्या दिवशी बारा क्विंटल हरभरा भरून अकोल्याला निघालो. दुपारचा एक वाजला असेल. गाडीची ओढ कमी झाली, म्हणून मी गिअर उतरवला. टेंपरेचरची सुई बघितली, ती नेहमीपेक्षाही खाली होती. मग निर्धास्त होऊन आणखी तीन-चार किलोमीटर गाडी दामटली. आधी रबर जळल्यासारखा वास आला, मग खालून खटखट आवाज आणि मग गाडी जागीच थांबली. बॉनेट उघडलं तर खालचा होज पाईप निसटून लोंबत होता. क्लिप त्याच्यावरच होती, पण बोटाने गोल फिरत होती. आवळलेलीच नव्हती.

सुई खाली का होती, हे मला नंतर अकोल्याच्या लेथवाल्याने समजावलं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच निघून गेलं की तो कोरडा पडतो आणि सुई भलतंच दाखवते. म्हणजे इंजिन सगळ्यात जास्त तापलेलं असतं, नेमकी तेव्हाच सुई खाली येऊ शकते. वीस वर्षं गाडी चालवतोय, मला हे ठाऊक नव्हतं. चालत्या गाडीत सुई अचानक खाली आली तर ती वर चढण्याइतकीच धोक्याची समजा आणि गाडी तिथेच बाजूला घ्या.

एक चूक माझीही झाली. रस्त्यावरच्या एकाने आपुलकीने थंड पाण्याची कॅन आणली आणि ते पाणी मी तापलेल्या इंजिनात ओतू दिलं. तापलेल्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, गार पाणी पडलं की त्याला तडा जाऊ शकतो. इंजिन निवेपर्यंत झाकणाला हात लावायचाच नाही, नाहीतर उकळती वाफ तोंडावर येते.

इंजिन खोललं तेव्हा हेड वाकलेलं, गॅस्केट जळालेलं, दोन पिस्टन लायनरला, म्हणजे ते ज्या नळीत वर-खाली होतात तिला, धरलेले. रेडिएटरच्या नळ्यांत पिवळट पांढरा थर निघाला, आमच्या घरी पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाला धरतो तसाच. अमरावती, अकोला, बुलडाण्यातल्या पूर्णा खोऱ्याचं हे खारं पाणी आपण माणसांना पाजत नाही, गाडीला मात्र बिनदिक्कत पाजतो. कूलंट थंडीत गोठण्यापासून वाचवतं हे खरं, पण ते पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवतं आणि गंज धरू देत नाही. ४५ अंशांच्या उन्हात त्याची गरज जास्तच. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मिळून खर्च काही शे रुपयांचा. दुसरं वापरलेलं इंजिन विकत घेऊन बसवण्यात माझे ८४,००० रुपये गेले आणि ऐन हंगामात गाडी बावीस दिवस उभी राहिली. विमा कंपनीकडे जाऊन उपयोग नव्हता, साध्या पॉलिसीत असा यांत्रिक बिघाड बसत नाही.

जुनं इंजिन घेणाऱ्यांना एक सांगतो. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं बिल घ्या. मोटार वाहन कायद्यानुसार इंजिन बदलल्याचं १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसी बुकात नोंद करावी लागते. बिलाशिवाय आलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर निस्तरायचं तुम्हालाच.

मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, क्लिप मी आवळली होती, खड्ड्यांनी ढिली झाली असेल. माझ्याकडे पुरावा काय? गाडी कधी दिली, काय काम सांगितलं, कोणता पार्ट घातला, कशाचीच नोंद नाही. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. चौदाव्या वर्षापासून तो उस्तादाच्या हाताखाली पाने उचलून शिकला. माझ्या वडिलांना रात्री दोनला दवाखान्यात नेताना बंद पडलेली गाडी त्यानेच येऊन सुरू करून दिली होती. इंजिन चढवायची मजुरी त्याने घेतली नाही. पण बाकीचा सगळा भार माझ्यावर पडला आणि आमच्यात जो अबोला आला तो अजून आहे. त्या दिवशी दोन ओळींची चिठ्ठी असती, तर निदान आम्ही कागद समोर ठेवून बोललो असतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पिकअप म्हणजे धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. ते चूक आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी जो गाडी चालवतो, तो या कायद्याने ग्राहकच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारून घेता येतं. हे सगळं मला इंजिन गेल्यावर कळलं.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. तालुक्यातल्या गॅरेजवाल्यांनी एक साधं कार्बनचं पुस्तक ठेवावं: तारीख, गाडी नंबर, सांगितलेलं काम, घातलेला पार्ट, दोघांच्या सह्या. काढलेला जुना पार्ट गाडीवाल्याच्या हाती द्यावा. पाण्याचं काम केलं असेल, तर पाण्याच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून, इंजिन पूर्ण तापू देऊन, क्लिपा पुन्हा तपासल्याशिवाय गाडी सोडू नये. यात मिस्त्रीचंही रक्षण आहे, कारण उद्या खरोखर खड्ड्याने क्लिप ढिली झाली तर तोही तसं दाखवू शकेल.

दुसरी मागणी आयटीआयकडे. मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकचे वर्ग तिथे चालतात, पण दहा-पंधरा वर्षं हात काळे केलेल्या आमच्या मिस्त्रींना त्या दारातून आत जाता येत नाही. गॅरेज बंद ठेवून वर्षभर शिकायला बसणं त्यांना परवडणार नाही. त्यांच्यासाठी संध्याकाळचा, महिनाभराचा वर्ग काढावा. अनुभवी कारागिरांना प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे, तिचा लाभ गावपातळीवर पोचवावा.

माझं वाकलेलं हेड आणि धरलेले पिस्टन अजून गोठ्यात पडून आहेत. कबाडी दोनदा मागून गेला, मी दिले नाहीत. असा वर्ग सुरू होणार असेल, तर ते शिकवायला म्हणून मी स्वतः आणून देईन.

आपला नम्र,
एक पिकअपचालक शेतकरी
ता. दर्यापूर, जि. अमरावती