बेल्ट दिलात, हुक कुठे अडकवू?

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

मी पुण्यात बावीस वर्षं इमारतींच्या साइटवर सुपरवायझर आहे. नोंदणी केलेल्या कामगाराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या पेटीतून हेल्मेट, बूट, सेफ्टी बेल्ट मिळतो. चांगलं आहे. पण गेल्या पावसाळ्यात आठव्या मजल्याच्या कडेला प्लास्टर करणाऱ्या मिस्त्रीला बेल्ट लावला नाही म्हणून मी झापलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, लावतो. हुक कशाला अडकवू?" परांचीच्या बांबूला? तो बांबूच काथ्यानं बांधलेला. बेल्टचा हुक अडकवायचा लाइफलाइनचा दोर ओढलेला नव्हता, आणि तो ओढून घेणं माझं काम होतं.

बेल्ट पेटीतून वाटता येतो. दोर, जाळी, डक्टभोवतीचा (इमारतीतल्या उघड्या उभ्या पोकळीभोवतीचा) कठडा साइटवरच उभारावा लागतो. आमच्याकडे सेंटरिंगचा, म्हणजे स्लॅब भरायच्या साच्याचा, दर चौरस फुटावर ठरतो, त्यात जाळीचे पैसे कुणी धरत नाही. बिल्डर ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे.

2023 मध्ये समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर लाँचर (पुलाच्या तुळया चढवणारं यंत्र) कोसळून 20 जण गेले, त्याच वर्षी ठाण्यात बाळकुमला लिफ्ट कोसळून सात. तेव्हा चौकशा लागल्या. एकटा बिगारी डक्टमध्ये पडतो, तेव्हा पेपरात दोन ओळी येतात. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात सुरक्षा अधिकारी 500 कामगारांच्या आस्थापनेला बंधनकारक होता, नव्या कामगार सुरक्षा संहितेनं तो आकडा 250 वर आणला. आमच्या साइटवर असतात चाळीस. नाक्यावरून रोज वेगळे.

बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर मंडळाकडे जमा होतो. कामावर मेलेल्या नोंदणीकृत कामगाराच्या वारसाला त्यातून 5 लाख मिळतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण हा पैसा माणूस पडण्याआधी कामाला यावा, एवढंच मागणं आहे. महापालिकेचा माणूस जोते तपासायला येतोच ना? तसाच तुमच्या खात्याचा निरीक्षक तिसऱ्या स्लॅबला आणि त्यानंतर दर चार स्लॅबला यावा. परांची, जाळी, दोर बघावा, आणि त्याची सही नसेल तर पुढचा स्लॅब भरता येऊ नये. निरीक्षक कमी असतील तर उपकरातून नेमा. काम थांबलं की बिल्डर एका दिवसात जाळी आणतो, हे मी अनुभवानं सांगतो.

त्या मिस्त्रीसाठी दुसऱ्या दिवशी मी वायररोप ओढून घेतला. त्याचं बिल ठेकेदारानं अजून पास केलेलं नाही.

आपला,
एक साइट सुपरवायझर, पुणे