ट्रॉलीवरची चाचणी काय कामाची?

मा. संपादक, स.न.

पावसाळ्याच्या तोंडावर बचाव पथकांच्या बोटी तपासल्याचे फोटो दरवर्षी छापून येतात. बोट ट्रॉलीवर, इंजिन चालू, शेजारी साहेब मंडळी. मी सोलापुरात टू-व्हीलरच्या मॅग्नेटचं काम करतो आणि उजनीवरच्या मच्छीमारांची बोटीची इंजिनंही माझ्याकडे येतात, म्हणून हे लिहितोय.

ट्रॉलीवर इंजिन चालू झालं याला चाचणी म्हणत नाहीत. उलट पाण्याबाहेर चालवलं की इंजिन थंड ठेवणाऱ्या खालच्या पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ओढणारं पंखेदार चाक) जळतो, ते वेगळंच. मुख्य म्हणजे टायमिंगचा, म्हणजे स्पार्क नेमक्या क्षणी न पडण्याचा, दोष आयडलवर (इंजिन संथ चालताना) लपून राहतो. पाण्यात माणसं बसवून थ्रॉटल ओढला की इंजिन घुसमटतं, तापतं, कार्बोरेटरमधून फटके मारतं. मग सगळे कार्बोरेटरच्या मागे लागतात. तो धुऊन धुऊन बिचारा चकाचक होतो, पिकअप मात्र येत नाही. स्टार्टरची दोरी ओढताना हाताला उलटा हिसका बसला, तर टायमिंगवर संशय घ्यायलाच हवा.

अशा वेळी मी आधी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरचं जड चाक, बघतो. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निमुळत्या टोकावर, म्हणजे टेपरवर, ते अर्धचंद्राकृती ‘की’ने (धातूच्या छोट्या तुकड्याने) जागेवर बसतं. नट नीट आवळला नसेल किंवा टेपरवर ऑइल-ग्रीस राहिलं असेल, तर ही ‘की’ कापली जाते आणि फ्लायव्हील थोडं सरकतं. फिरण्याच्या दिशेने मागे सरकलं तर स्पार्क उशिरा, पुढे सरकलं तर लवकर. लवकरच्या स्पार्कने पिस्टनला भोकही पडतं.

इथे टायमिंग लाइट (स्पार्कच्या क्षणी चमकून खूण दाखवणारा दिवा) चक्क फसवतो. सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) इंजिनात स्पार्कचा इशारा देणारं ट्रिगरचं मॅग्नेट आणि टायमिंगची खूण, दोन्ही फ्लायव्हीलवरच. फ्लायव्हील सरकलं की दोन्ही जोडीने सरकतात आणि लाइटमध्ये खूण बरोबर दिसते. म्हणून आधी पिस्टनचा खरा टॉप, म्हणजे तो सगळ्यात वर असतो ती जागा, काढायची. प्लगच्या भोकात स्टॉपर लावून फ्लायव्हील हाताने हळूच एकदा इकडे, एकदा तिकडे, पिस्टन टेकेपर्यंत फिरवायचं. दोन्ही वेळी इंजिनावरच्या काट्यासमोर फ्लायव्हीलवर खडूने खूण करायची. दोन खुणांचा मध्य म्हणजे टॉप. तो फ्लायव्हीलवरच्या टॉपच्या खुणेशी जुळला नाही, तर पुलर लावून फ्लायव्हील उतरवा. बहुतेक वेळा ‘की’ कापलेली दिसेल. काटाच हललेला असेल तर तो जागेवर आणा. लाइट त्यानंतर, तोही पाण्यात, आयडल आणि फुल थ्रॉटल दोन्हीला.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने माढा, मोहोळकडे काय हाल झाले ते आपल्या वाचकांना सांगायला नको. जिल्ह्यातल्या बोटी मे महिन्यात हिप्परग्याच्या तलावात उतरवून, पूर्ण वजन घेऊन फुल थ्रॉटलवर चालवाव्यात आणि प्रत्येक इंजिनाच्या वहीत टायमिंगची नोंद ठेवावी. फोटो तिथेच काढा, आमची हरकत नाही.

— एक मेकॅनिक, अशोक चौक, सोलापूर